बिनवायरचं मशीन

"वायरच नाई राहत त्याले," आकिब म्हणाला, आणि अयूबच्या हातातली शीरखुर्म्याची वाटी कलंडून अर्धी त्याच्या ईदच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडली. खारकेचा एक काप गुडघ्यावर चिकटून बसला. मुलगी पाहायला पाहुणे आलेत म्हटल्यावर काही सांडायचंच तर ते मुलीनं सांडायचं असतं, जरा हात थरथरून, म्हणजे पाहुण्यांनाही बरं वाटतं. बापानं सांडल्यावर काय करायचं हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. जरीनानं फडकं आणून दिलं आणि नवऱ्याकडं असं पाहिलं की त्यानं ते फडकं गुडघ्यावर न लावता तोंडालाच लावलं. तोवर सगळं नीट चाललं होतं. आकिबची आई कहकशाँआपा, नागभीडला स्टेशनाजवळ जिचं बांगड्यांचं दुकान, ती पोरीचं मनगट पाहून मनातल्या मनात माप काढत होती. जरीनानं नाजियाचं शिवण, नाजियाची बिर्याणी, नाजियाचं बी.ए.चं दुसरं वर्ष असं सगळं सांगून झालं होतं. मग आकिबनं, जो नागपुरात मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि आजकालच्या पोरांसारखा सरळ बोलायचा, नाजियालाच विचारलं की तुम्हाला काय आवडतं. नाजिया म्हणाली, गेम. जरीनाचा चेहरा पडला. जे इतकी वर्षं बापाच्या दुकानात अर्ध्या शटरमागं झाकून ठेवलं, ते पोरीनं एका शब्दात पाहुण्यांपुढं वाढून दिलं. पण आकिबचा चेहरा उजळला. त्यानं खिशातून मासिकाचं एक गुळगुळीत पान काढलं, घडी उलगडली, आणि मधल्या टेबलावर शेवयांच्या शेजारी ठेवलं. जपानमधल्या एका कंपनीनं नवं मशीन जाहीर केलं होतं. पुढच्या साली निघणार. चकचकीत काळं, फुगीर पाठीचं, डोहातून नुकत्याच उठलेल्या म्हशीसारखं. जिथं गेम सोडला तिथूनच पुढं सुरू होतो म्हणे, लाइन गेली तरी मागचं सगळं त्याच्या लक्षात राहतं. आणि रिमोटला वायर नाही. खाटेवर पडून खेळा, सैपाकघरातून खेळा. निघालं की घेणारच हाय, आकिब म्हणाला, आणि हे तो कोणाला सांगत होता ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

अयूबला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. सासरी पोरीचा गेम सुटणार नाही, उलट साक्षात जपानहून येणार, याच्यापेक्षा आरमोरीच्या बसस्टँडसमोरच्या 'न्यू टायगर व्हिडिओ गेम'च्या मालकाला आणखी काय हवं? (जुनं टायगर कधीच नव्हतं. पण 'न्यू' लिहिल्यानं पेंटरला वाघाच्या एका बाजूला जागा भरता आली.) आनंद झालाही, पण तो गळ्यापर्यंत येऊन तिथंच तूस अडकल्यासारखा अडकला, आणि त्याच्या मागून जे वर आलं ते अयूबनं स्वतः ऐकलं तेव्हाच त्याला कळलं. तो म्हणाला, "आम्ही बी मागवून राह्यलो तेच. मंडईपर्यंत येऊन जाईल." आकिब जरा गोंधळला, कारण जे मशीन जपानातच अजून निघालं नाही ते आरमोरीला पंधरवड्यात, मंडईच्या जत्रेपर्यंत, कसं येणार; पण होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत खोटं पाडायचं नसतं एवढं नागपूरनं त्याला शिकवलं होतं. कहकशाँआपा म्हणाली, ठीक आहे, मग मंडईलाच येतो आम्ही, मशीनही पाहून घेऊ आणि तुमचा जबाबही ऐकू, आमच्याकडून तर हो आहे. जबाब द्यायचा तो अयूबनं. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं गुडघ्यावरची खारीक उचलून खाल्ली.

मग दुकानात येऊन बसला तरी ती वायर डोक्यातून जाईना. त्यानं टायगरमधल्या मशीनांकडं पाहिलं. त्यांच्या वायरी खाली लोंबत होत्या, काळ्या टेपच्या गाठी बांधलेल्या, जणू भांडून आलेल्या पोरांच्या पट्ट्या. कधीतरी तो रेडिओ दुरुस्त करायचा. मग रेडिओ मेले, टीव्ही आले, टीव्हीचे मेकॅनिक वडश्याहून आले, आणि अयूबनं नागपूरहून पहिलं गेमचं मशीन आणलं. तेव्हा त्याची वायर इतकी लांब होती की पोरं दाराजवळच्या बाकावर बसून खेळायची. नाजिया तेव्हा दुपारचा डबा घेऊन यायची, फ्रॉकवर, एका पायात दुसऱ्याच कोणाची चप्पल. पोरी टायगरमध्ये येत नसत. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण येत नसत. म्हणून जेवणाच्या वेळी तो शटर अर्ध्यापर्यंत ओढून घ्यायचा आणि बापलेक एक एक रिमोट घेऊन बसायचे. बाहेरून दिसायच्या फक्त दोन जोड चपला. घरात आपसात ते सगळे हिंदीत बोलत, जरीना तर उर्दूच म्हणायची तिला, पण शटरखाली शिरल्यावर दोघं मराठीत येत, कारण गेममधलं मरणं, पडणं, वाचणं हे सगळं गिऱ्हाइकांकडून मराठीतच शिकलेलं. त्यांचा गेम एकच, जोडीचा. एक पिवळा माणूस, एक निळा माणूस, जंगल, मग नदी, नदीवर पूल, पुलापल्याड म्हणे किल्ला. त्यातली अट अशी की दोघं बरोबर चालले तरच पडदा पुढं सरकायचा. एक मागं थांबला की दुसरा पडद्याच्या काठावर नुसता पाय आपटत राहायचा, जागच्या जागी. एक मेला तर मात्र दुसरा मोकळा. नमाजची वेळ झाली किंवा गिऱ्हाइकानं शटर वाजवलं की अयूब आपला निळा माणूस मुद्दाम खड्ड्यात घालायचा आणि म्हणायचा, जा बेटा, तू जा पुढं. आणि ती कधी पुढं जात नसे. तीही त्याच खड्ड्यात उडी मारून मशीन बंद करायची.

पुलापल्याड अयूब एकदाच गेला होता, तोही नाजियाशिवाय. अर्ध्या शटरमधून एक वानर आत शिरलं, थेट डब्यावर आलं, नाजिया किंचाळून स्टुलावर चढली आणि तिच्या हातातला रिमोट वानराच्या हातात गेला. हातातला रिमोट सोडायचंही अयूबला सुचलं नाही. वानर दात विचकून बटणं दाबत होतं, पिवळा माणूस वेड्यासारखा धावत होता, आणि भीतीनं अयूबचा अंगठा आपोआप चालला होता, निळा माणूस पिवळ्याच्या मागोमाग. जंगल गेलं, नदी गेली, पूल गेला, किल्ल्याचं दार दिसलं, आणि लाइन गेली. वानर भाकर घेऊन निघून गेलं. त्या दिवसापासून टायगरच्या भिंतीवर जिथं पोरांनी आपापले विक्रम खडूनं लिहिले होते तिथं सगळ्यात वर 'वानर' असं लिहिलं गेलं आणि ते कोणालाच खोडता आलं नाही. अयूबला हे आठवून नेहमी हसू यायचं. आता आलं नाही. आता त्याला आठवत होती वायर. पोरं ओढाओढी करायची, वायर पिनेजवळ तुटायची, मग तो तुटलेला तुकडा कापायचा, दातांनी वरचं रबर सोलायचा आणि पुन्हा कथील लावून जोडायचा. दर खेपेला वायर थोडी आखूड. पोरी वाढतात आणि वायरी आखूड होतात, हा हिशेब कोणी मांडला नव्हता, पण नाजिया दहावीला गेली तेव्हा ते दोघं बाकावरून खाली सतरंजीवर आले, बारावीला गेली तेव्हा टीव्हीच्या पुढ्यात, आणि आता तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागल्याशिवाय खेळताच येत नव्हतं. नवी वायर नागपुरात मिळायची. दर फेरीला तो आणायची विसरायचा. लाइन गेली आणि अर्ध्या शटरखाली अंधार झाला की लहानपणी ती घाबरून आपली वायर त्याच्या वायरीत अडकवून हळूच हिसका द्यायची, म्हणजे अब्बू आहात ना, आणि तो परत हिसका द्यायचा, म्हणजे आहे. पुढं भीती गेली, हिसका राहिला. बिनवायरच्या रिमोटमध्ये हे कुठून बसवणार ते जपानवाले? सैपाकघरातून खेळा म्हणे. मग बाजूला कोण आहे हे कसं कळणार?

आणि तरी ते पान. आकिब ते टेबलावरच विसरून गेला होता, की सोडून गेला होता, आणि अयूबनं ते कोणी पाहायच्या आत खिशात घातलं होतं. शुक्रवारच्या नमाजमध्ये सजद्यात कपाळ टेकायला वाकला की खिशात ते कुरकुर करायचं आणि शेजारच्या रांगेतले लोक कानोसा घ्यायचे. गिऱ्हाईक नसलं की तो ते उलगडून बसायचा. त्याला ते मशीन हवं होतं. हे त्याला कबूल करायची लाज वाटत होती, कारण या वयात, दाढी पांढरी होत असताना, खेळण्यासाठी जीव टाकणं बरं दिसत नाही. पण त्याला ते खेळायला नको होतं, त्याला ते उघडायचं होतं. आत काय आहे ते पाहायचं होतं. आणि त्या चित्रात कुठंही स्क्रू दिसत नव्हता. उलटं केलं, चष्मा पुसला, उन्हात नेलं. स्क्रूच नाही. ज्याला स्क्रू नाही त्याला दुरुस्त कसं करायचं, आणि ज्याला आपण दुरुस्त करू शकत नाही ते आपलं कसं म्हणायचं? आकिबचंही तसंच होतं. पोरगा गुळगुळीत. व्यसन नाही, थुंकत नाही, आईशी नीट बोलतो. अयूबनं त्याच्यात खूप शोधलं, पण कुठं पेचकस लावायला जागा सापडली नाही. एखादा दोष असता तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं, आणि हो म्हणायलाही. जरीना रोज विचारायची, काय ठरवलं. तो म्हणायचा, अजून चौकशी करतो. गावातल्या सगळ्यांना विचारून झालं त्याचं. मशिदीतल्या लोकांना विचारलं, नागभीडच्या कंडक्टरला विचारलं, वडश्याच्या चुलतभावाला फोन लावून विचारलं. सगळे म्हणाले, मुलगा चांगला आहे. हे ऐकून तो दर वेळी जरा आणखी खचायचा.

तेवढ्यात लटारू पेंटरनं घोळ केला. खरं तर घोळही नाही म्हणता येणार, लटारूनं फक्त आपला धंदा केला. पाहुणे आले त्या दिवशी तो शटरला कोणता रंग द्यायचा हे विचारायला दारात उभा होता, आणि त्याच्या कानावर पडलं की मंडईपर्यंत मशीन येणार. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार, रात्री नाटक. वडश्याच्या नाटक कंपन्या चार महिने गावं फिरतात आणि लटारू त्यांचे बोर्ड रंगवतो. त्या बोर्डावर नटीचं नाव आधी चढतं, नटी मग शोधतात. त्याला कोणी खोटं म्हणत नाही. लटारूनं अयूबभाऊवरच्या प्रेमापोटी, न विचारता, न सांगता, असाच एक बोर्ड रंगवला आणि बसस्टँडच्या पिंपळाला टांगला. जपानहून प्रथमच आरमोरीत. बिनवायरचं मशीन. फक्त एक दिवस. मधोमध ते काळं फुगीर मशीन, जसं त्यानं दाराआडून पाहिलं होतं, म्हणजे आता पुरतं म्हशीसारखं; आणि उजवीकडं जागा मोकळी दिसत होती म्हणून तिथं त्यानं सवयीनं एक नटी काढली, कमरेवर हात, केसात गजरा. खाली, तेही सवयीनं, 'बसण्याची व्यवस्था स्वतः करावी'.

अयूबनं बोर्ड पाहिला आणि पिंपळाखाली बसूनच घेतलं. "लटारू, हे काय करून ठेवलं गा?" त्यानं विचारलं. लटारू म्हणाला, "काऊन भाऊ, गजरा जास्त झाला का?" काढून टाक म्हणावं तर आठ गावांनी वाचून झालं होतं. दुसऱ्या दिवशी एक मास्तर येऊन विचारून गेले की या मशीननं मुलांच्या डोळ्यांवर काय परिणाम होतो आणि आपल्याला शिक्षक म्हणून आधी पाहायला मिळेल का. ठाण्यातला एक शिपाई आला, खुर्चीवर बसला, चहा प्याला, आणि म्हणाला की जपानचे लोक येणार असतील तर त्यांची नावं आधी द्यावी लागतील, आपला जंगलाचा भाग, उद्या कोणी म्हणेल विदेशी माणसं कशाला आली. अयूब म्हणाला, माणसं नाही येणार, मशीन येणार. शिपायानं बोर्डाकडं बोट करून विचारलं, मग ही बाई कोण? अयूबला एवढंच वाटत राहिलं की आपण पाहुण्यांपुढं तोंडातून एक वाक्य सोडलं, आणि ते वाक्य आता गावात गजरा घालून फिरतंय. खरं सांगून टाकावं तर कहकशाँआपापर्यंत जाईल की बाप खोटा आहे. बाप खोटा ठरला तर सोयरीक मोडेल. आणि हा विचार मनात आला तेव्हा त्याला जे वाटलं त्यानं तो हादरला. त्याला हलकं वाटलं. आपण स्वतःच्या पोरीची सोयरीक मोडावी म्हणून खोटं बोललो का? त्यानं हा प्रश्न उलटून पाहिला, उन्हात नेला. यालाही स्क्रू दिसेना.

त्या दिवसांत दुपारी नाजिया यायची, पण ते खेळत नसत. ती डबा ठेवायची, बसायची, रिमोट हातात घ्यायची आणि सोडून द्यायची. बोर्डाबद्दल तिनं काही विचारलं नाही. एकदा म्हणाली, नटीचं नाक बरं काढलं. अयूबला वाटलं आता विचारावं, बेटा तुझ्या मनात काय आहे. सगळ्या जगाला विचारून झालं होतं, हिला तेवढं राहिलं होतं. पण तिनं नाही म्हटलं तर आपल्याला आनंद होईल हे त्याला माहीत होतं, आणि त्या आनंदाची त्याला भीती वाटत होती; आणि हो म्हटलं तर, त्याच्यापुढं तो जातच नव्हता. म्हणून तो विचारायचा, भाजीत मीठ कमी आहे का.

मंडईच्या दिवशी सकाळी शटर वर करायला गेला तर शटरला टेकून माणूस बसलेला. नदीपल्याडचा वारलू, धान निघून थोडा मोकळा झालेला, सोबत बायको कमळा, मुरमुऱ्याची पिशवी, पाण्याची कळशी आणि पुढं अंथरलेली चटई. जागा धरून राह्यलो, भाऊ, तो म्हणाला. त्याच्या मागं आणखी चटया होत्या, गोधड्या होत्या, एक ताडपत्री होती. कोणी दगड ठेवून जागा धरली होती, कोणी चप्पल. बसस्टँडपर्यंत. नाटकाला बसतात तसे लोक बसले होते, पाठीला पाठ लावून, आणि बिड्या ओढत होते. अयूब आत गेला आणि शटर आतून खाली ओढून घेतलं. अंधारात तो मशीनांमध्ये उभा राहिला. बाहेरून गुणगुण येत होती. त्याला वाटलं मागच्या भिंतीला एखादं दार असतं तर आपण आज जिवतीच्या डोंगरापर्यंत चालत गेलो असतो. मागं दार नव्हतं. दुकान घेताना त्यानं ते सुरक्षित म्हणून पसंत केलं होतं.

दुपार होत आली तशी काळीपिवळी जीपमधून कहकशाँआपा आणि आकिब उतरले. जरीना आणि नाजिया त्यांना घेऊन चटयांमधून वाट काढत आल्या. पाहुण्यांना वाटलं गर्दी मंडईची असेल. मग शटर उघडावंच लागलं. अयूब बाहेर येऊन उभा राहिला. सगळ्या तोंडांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं घसा साफ केला. काय सांगायचं ते त्यानं अंधारात पाठ केलं होतं, कस्टमवाल्यांनी अडवलं, बोटीला उशीर झाला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मशीन आली नाई," तो म्हणाला. "येणारच नव्हती. मी असंच बोललो होतो." कहकशाँआपाच्या भुवया वर गेल्या. जरीनानं ओढणी तोंडाशी नेली. आता कोणीतरी दगड मारेल, नाहीतर निदान उठून जाईल, म्हणून तो वाट पाहत राहिला. कोणी उठलं नाही. वारलूनं बिडी विझवून कानावर ठेवली आणि त्याला समजावल्यासारखं म्हणाला, "नाई आली त नाई आली, भाऊ. नटी नाई आली त कंपनी दुसरी उभी करते. खेळ बंद नाई राहत. तुम्ही पडदा त उघडा." मागून दोनतीन जणांनी हाव, हाव म्हणत होकाराच्या माना हलवल्या. यात त्यांना काहीच वावगं वाटत नव्हतं. जन्मभर ते बोर्डावरचं नाव वाचून आले होते आणि दुसरंच कोणी पाहून समाधानानं घरी गेले होते. अयूब तसाच उभा. आणि मग त्याच्या मागं टीव्हीचं टेबल सरकल्याचा आवाज आला. नाजियानं टीव्ही दारात आणला होता, तोंड चटयांकडं केलं होतं, आणि ती मशीनची पिन खोचत होती.

पूर्ण शटर वर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती सतरंजीवर बसली, सगळ्या मंडईपुढं, टीव्हीला गुडघे लावून, आणि दुसरा रिमोट त्याच्याकडं धरला. तो बसला. खांद्याला खांदा लागला. आकिबला कोणी खुर्ची दिली होती ती सोडून तो वारलूच्या चटईवर टेकला होता, त्यांच्या बाजूलाच, वायरींकडं पाहत. म्हणाला, ही इतकी आखूड काऊन आहे? अयूब तोंड उघडायच्या आत नाजिया म्हणाली, "अब्बूनं कापली. तुटते बोटभर, अब्बू कापते हातभर." ती हे पडद्याकडं पाहत म्हणाली, काही राग नाही, काही नाही, जशी लाइन कधी येते कधी जाते ते सांगावं. तिला माहीत होतं. कधीपासून? आणि तरी ती दर वर्षी थोडी जवळ सरकून बसत आली. गेम सुरू झाला. जंगल. लोक आधी नुसते पाहत होते, मग त्यांना कळलं की पिवळी म्हणजे पोरगी आणि निळा म्हणजे बाप, आणि मग ते नाटकातल्यासारखे त्यांना सांभाळायला लागले. खड्डा आला की कमळा अगं बाई म्हणून डोळे झाकायची. नाजियानं एक उडी अशी मारली की वारलूनं वन्स मोर मागितला, आणि त्याला समजावून सांगावं लागलं की ती उडी मागं जाऊन पुन्हा मारता येत नाही. नदी आली. पूल आला. पुलाच्या मध्यावर, जिथून किल्ल्याचं दार दिसायला लागतं त्याच्या थोडं आधी, अयूबचा अंगठा थांबला.

त्यानं थांबवला नव्हता. थांबला. पिवळा माणूस पडद्याच्या काठाला लागून जागच्या जागी पाय आपटत होता, एक दोन एक दोन, त्याच्यापुढं काहीच नव्हतं, पडद्याची काच. निळा मागं उभा, हात लोंबते. अयूबच्या अंगठ्याचं जे घट्ट पडलेलं कातडं होतं त्याच्याखाली बटण होतं, रबराचं, त्यानंच दोनदा बदललेलं, आणि ते दाबायला जेवढा जोर लागतो तेवढा त्याच्या अख्ख्या अंगात सापडत नव्हता. पुलाच्या शेजारी पाणी होतं. एक बटण दाबलं की निळा पाण्यात, मग पिवळी मोकळी, मग जा बेटा, तू जा. किती सोपं होतं ते. त्यात बापपणाही होता, लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. त्याचा अंगठा त्या दुसऱ्या बटणाकडं सरकला.

"अब्बू," नाजिया हळू म्हणाली, फक्त त्याला ऐकू येईल एवढं, "पाण्यात उडी नका मारू. चालत या."

"तिकडं काय हाय, मालूम हाय का तुले?"

"नाई मालूम. म्हणूनच त जाचं हाय मले."

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रिमोट खाली ठेवावा लागला असता. पिवळा माणूस पाय आपटत होता.

"वानरासोबत गेले होते नं," ती म्हणाली. "माह्यासोबत काऊन नाई?"

त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते हसू आहे की दुसरं काही हे त्याला वर येईपर्यंत कळलं नाही आणि वर आल्यावरही कळलं नाही. त्यानं बटण दाबलं. निळा चालायला लागला. पडदा सरकला. पिवळ्याच्या पायाखाली जमीन आली, ती धावली, तो तिच्या मागून, मग तिच्या बरोबर, पूल मागं गेला, पाणी मागं गेलं, आणि किल्ल्याचं दार आलं. दार उघडं होतं. आत काळोख होता, त्या काळोखात कशाचा तरी एक पिवळा ठिपका लुकलुकत होता, आणि तो काय आहे हे पाहायला सगळी मंडई पुढं वाकली, आकिबही वाकला, आणि लाइन गेली.

काच काळी झाली. त्या काळ्या काचेत त्याला ते दोघं दिसले, खांद्याला खांदा लावून, हातात निकामी रिमोट. मागं उन्हात सगळ्या चटया, कहकशाँआपाची हिरवी ओढणी, आकिबचं पुढं वाकलेलं डोकं, त्यांच्याहून फार लांब नाही. गेम पुन्हा जंगलापासून सुरू होणार होता. या मशीनला काही आठवत नाही. अयूबला वाटलं, आपल्याला सगळं आठवतं, हे बरं की वाईट? मग वायरीला हिसका बसला. लहानसा, नेहमीचा. भर दुपारी, एवढ्या लोकांत. त्यानं थोडं थांबून परत हिसका दिला. आणि मान न वळवता, काचेतल्या हिरव्या ओढणीला तो म्हणाला, "हाव, आपा. आमच्याकडून बी हाव."

वारलूनं कानावरची बिडी काढली आणि कमळाला हळूच विचारलं, हे खेळातलंच होतं का. कमळा म्हणाली, गप बसा, लाइन येऊ द्या, आणि चटईचं उचललेलं टोक तिनं पुन्हा खाली दाबलं.